पाण्याची पाळी सांगणारी

मी आणि माझ्या बायकोनं मिळून शेवटचं काय केलं, तर अंबाडीची भाजी निवडली. दिवस मावळताना ओसरीत बसलो होतो. निम्मी भाजी झाली न झाली तोच तिनं मोबाईल तोंडाजवळ धरला. "लाईट सकाळी हाय. पाण्याची पाळी मधल्या घराची." मी मागून म्हणालो, "आधी देठं काढ, मग पंचायत कर." ती हसली. ते हसणंही फोनात गेलं. त्याच रात्री तिच्या छातीत कळ आली आणि भोकरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली.

आमची विहीर चार घरांत. आम्ही आणि माझे तीन चुलतभाऊ, थोरला, मधला, धाकटा. मोटारीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री, त्यात मधेच जाते. कुणाचं पाणी बुडालं, ते कधी भरून द्यायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. तिच्या शब्दाला कुणी हूं का चूं करत नव्हतं. लेक लातूरला राहते, कॉम्प्युटरचं काम करते. तिनं आईला सोय करून दिली होती. आईनं संध्याकाळी बोलायचं, पहाटे पाचला चारी घरचे फोन वाजायचे आणि आईचा आवाज यायचा. नवीन काही बोललं नाही तर आदलंच परत वाजायचं. हे कुणाच्या ध्यानात राहतंय?

तिला अंगणात ठेवलं होतं, आणि पाचला चारी घरचे फोन वाजले. पाळी मधल्या घराची. मागं मी, देठं काढ म्हणणारा. मग तिचं हसणं.

लेकीनं तेव्हाच ते बंद केलं. दहाव्याला कावळा लगेच शिवला. तिचा जीव कशात अडकला नाही, असं सगळे म्हणाले. तेरावा करून लेक लातूरला गेली. आणि चार दिवसांनी पहाटे फोन पुन्हा वाजला. तेच बोलणं, तेच हसणं.

मी उठून बसलो. हात आपोआप जोडले गेले. खोटं कशाला सांगू, मी लेकीला कळवलं नाही. रोज पाचची वाट बघू लागलो. थोरल्या वहिनीनं तर फोन देव्हाऱ्यात ठेवला. मधला ओशाळून आला. म्हणाला, "दादा, माझ्या रानात चिखल झालाय, मला पाणी नको. पण वहिनी रोज माझंच घर सांगतीय." गेलेल्या माणसाचा शब्द मोडायचा कुणी? धाकट्यानंही मोडला नाही. आठ दिवस पाणी एकाच रानात गेलं. नवव्या दिवशी थोरला येऊन बसला. तक्रार केली नाही. हरभऱ्यानं माना टाकल्यात, एवढंच म्हणाला आणि चहा न घेता उठला.

तेव्हा मी लेकीला बोलावलं. ती आली, पहिल्यांदा माझ्यावर चिडली, मग कॉम्प्युटर मांडीवर घेऊन समजावत बसली. दूर कुठल्या शहरात भलंमोठं यंत्र आहे. त्यात तिनं एक खोली भाड्यानं घेतलेली. खोलीला भिंत नाही, दार नाही, तरी खोली. आत डबे, एकेका डब्यात एकेक काम. दोन तिनं शिकताना केलेले, पडून राहिलेले. तिसरा आईचा. तो तिनं नुसता थांबवला होता, काढला नव्हता. तिकडं यंत्र बंद करून चालू केलं की डबा आपणच उठायचा. तसं तिनंच त्याला शिकवलं होतं. मी चौथी शिकलेला माणूस. माझ्या पोरीनं न बघितलेल्या गावात पडून उठणारी वस्तू ठेवली, ह्याचंच मला नवल वाटत राहिलं.

शिकतानाचे दोन तिनं चटकन काढले. मग आईचा. डबा काढला तरी आतलं बोलणं वेगळ्या कोठीत राहतं, म्हणाली. कोठीही काढायची. मग डब्याचा साचा. मग तो उभा कसा करायचा हे लिहिलेलं.

मी विचारलं, "कोठीत काय हाय?"

"दोन वर्षांच्या संध्याकाळी, अप्पा. आई बोललेली सगळी."

बोललेलं वाऱ्यावर जातं, असंच मी जन्मभर धरून चाललो होतो. माझ्या आईचा एक फोटोसुद्धा नाही. आणि हिच्या दोन वर्षांच्या संध्याकाळी भिंत नसलेल्या खोलीत जशाच्या तशा.

"तुमच्या फोनात उतरवून देऊ?"

"नको. एका हसण्यापायी थोरल्याचं रान वाळवलं मी. सगळं दिलंस तर आख्खं गाव वाळवीन."

तिनं एक ओळ लिहिली आणि तिचा हात थांबला. "एकदा काढलं की मला पण परत आणता येत न्हाई, अप्पा." तिच्यानं होईना. कोणतं बटण, मी विचारलं आणि दाबलं. ओळी भराभर वर पळाल्या. लेकीनं यादी दाखवली. तिच्यात काही नव्हतं. तिच्या आईचं सरण विझायला रात्र लागली होती. ह्याला पापणी लवायचाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी पाचला फोन वाजला नाही. मी थोरल्याच्या दारात गेलो. म्हणालो, खरी पाळी कुणाची ते तिलाच ठाऊक होतं, मला न्हाई. तुमचं रान वाळलंय, तुम्ही घ्या. मग विहिरीवर गेलो, मधल्याकडचा कॉक बंद केला, थोरल्याकडचा उघडला, आणि लाईट आल्यावर मोटार चालू केली.