यादीतून उचललेले पणजोबा

हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे ठरले, त्या दिवसांत जामबागेतल्या एका शाळेच्या माडीवर दर रविवारी सकाळी वंशावळीचा वर्ग भरायचा. शिकवणारे गृहस्थ दफ्तरखान्यातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मुन्शीजी म्हणत. "आता दफ्तरं गाड्या भरभरून जातील. कोणतं बंडल कुठं पडेल, कुणास ठाऊक. ज्याला आपली माणसं शोधायची आहेत त्यानं आत्ताच शोधावीत," असं ते म्हणायचे.

मला तिथं नेलं माझ्या जाऊबाईंनी. आम्ही तारनाक्याला एकाच घरात राहत होतो. माझे यजमान रेल्वेत, म्हणून आम्ही हैदराबादेतच राहणार होतो. थोरले दीर सरकारी कचेरीत. त्यांनी औरंगाबादला जायचं लिहून दिलं होतं. निघण्याआधी जाऊबाईंना माहेरचे मोडी कागद वाचायला शिकायचं होतं. त्यांचं माहेर परभणीकडचं, घरात पिढीजात पाटीलकी. माझे वडील अफझलगंजात धान्याच्या दुकानात मापाडी होते. लहानपणी आईचं बोट धरून ते शहरात आले, एवढंच आम्हाला ठाऊक.

पहिल्या दिवशी मुन्शीजींनी प्रत्येकाला एक मोठा कागद दिला. "खाली स्वतःचं नाव लिहा. वर बापाचं, त्याच्या वर आज्याचं. आठवेल तेवढं लिहा, मग घरच्या म्हाताऱ्यांना विचारा. कागदपत्रं नंतर. आणि प्रत्येक नावापुढं लिहा, कुणी सांगितलं."

माझी पेन्सिल आजोबांवर थांबली. शेजारी जाऊबाई पाचव्या पिढीवर पोचल्या होत्या आणि जागा पुरेना म्हणून दुसरा कागद मागत होत्या.

पुढच्या रविवारी त्यांनी माहेरून मागवलेली सनद आणली. मुन्शीजींनी ती मेजावर पसरली आणि सगळा वर्ग भोवती जमला. कुणीतरी जाऊबाईंसाठी चहासुद्धा आणला. मी मागे उभी होते. शाई इतकी पुसट असावी की काहीच लागू नये, असं मला मनापासून वाटत होतं. पण मुन्शीजी घडाघडा वाचत गेले. परतताना जाऊबाई म्हणाल्या, "तुझंही निघेल गं काहीतरी." त्या खरंच चांगल्या मनानं बोलल्या होत्या. त्याचाच मला जास्त राग आला.

मोडी मात्र मला त्यांच्यापेक्षा लवकर आली. त्यांना दोन अक्षरांतला जोड दिसायचा नाही. मला ओळ बघताच शब्द सुटायचा. मुन्शीजी म्हणाले, "हौ बाई, तुमची नजर चांगली आहे." पण ती नजर घेऊन मी करणार काय? आमच्या घरी वाचायला एक चिटोरं नव्हतं. शेवटी असं झालं की जाऊबाई ट्रंक उघडून बसायच्या आणि त्यांचे पूर्वज मी त्यांना वाचून दाखवायची. एका पत्रात लिहिलं होतं, दुष्काळात त्यांच्या खापरपणजोबांनी ज्वारीचं पेव गावासाठी उघडलं. मी ती ओळ मनातल्या मनात वाचली आणि म्हणाले, "हे काही लागत नाही बाई."

त्याच ट्रंकेत एक लांबलचक यादी निघाली. नुसती माणसांची नावं, बापाच्या नावासकट. जाऊबाईंनी ती बाजूला ठेवली, कारण त्यांच्या घरातलं कुणी त्यात नव्हतं. मी ती पुन्हा काढली. त्यात एकाचं नाव आमच्या आजोबांच्या नावाशेजारी शोभेल असं होतं. ते मी माझ्या कागदावर पणजोबा म्हणून लिहिलं. त्याच्या बापाचं नाव त्याच्या वर. रविवारी मुन्शीजींनी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"वडिलांनी."

त्यांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं आणि बारीक अक्षरात पुढे लिहिलं, 'ऐकीव.'

पितरपंधरवडा आला तेव्हा तो कागद घेऊन मी अफझलगंजात वडिलांकडे गेले. खोटं सांगायचं धैर्य एकदा केलं की पुढचं सोपं जातं. "दफ्तरात सापडलं," मी म्हणाले. दरवर्षी पाणी सोडताना वडील त्यांच्या बापाचं नाव घ्यायचे आणि पुढे म्हणायचे, 'जे कोणी असतील ते.' त्या दिवशी त्यांनी ती दोन नावं माझ्याकडून चार वेळा वदवून घेतली आणि पाणी सोडताना मोठ्यानं उच्चारली. मी जेवायला न थांबता परतले.

मग औरंगाबादचं सामान बांधायचे दिवस आले. ट्रंक भरता भरता जाऊबाई ती यादी आणि माझा कागद दोन्ही हातांत घेऊन धावत आल्या.

"अगं, बघितलंस का? तुझे पणजोबा आमच्या यादीत आहेत! मला वरचा मथळा आता लागला. ही आमच्या शेतावर राबणाऱ्या गड्यांची यादी आहे." त्यांचा चेहरा आनंदानं फुलला होता. "म्हणजे तुझी माणसं आमच्याकडेच होती की! माहेरी आमच्या दादांना कळलं तर किती बरं वाटेल त्यांना."

घाईत मी मथळा वाचलाच नव्हता. ज्यांची बरोबरी करायची म्हणून मी चोरी केली, त्यांच्याच घरची चाकरी मी माझ्या वडिलांच्या आज्याला लावून दिली होती. आणि त्यांना दया आली होती माझी, खुशीची दया.

"ती नावं आमची नाहीत," मी ओरडले. "मी उचलली तुमच्या यादीतून. तुमचा कागद भरत होता आणि माझा रिकामा होता म्हणून. आणि ते पेवाचं पत्र, ते मला लागलं होतं. सगळं लागलं होतं."

जाऊबाई खाली बसल्या. मग ते पेवाचं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. "वाच."

मी वाचलं. वाचून होईपर्यंत त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. शेवटी म्हणाल्या, "माझ्यापाशी खोटं बोललीस ते असू दे. वडिलांना सांगून ये."

दुसऱ्या दिवशी दुकानामागच्या खोलीत मी वडिलांना सगळं सांगितलं. ते हातातलं माप पुसत राहिले. मला वाटलं, हाकलून देतील.

"मग ते दोघं कोण होते?" त्यांनी विचारलं.

"पाटलाच्या शेतावरचे गडी. बाकी ठाऊक नाही."

"त्यांच्यामागं कोणी राहिलं का न्हाई, काय की. पाणी गेलं ते गेलं. त्यांना पोचलं असंल." थोडं थांबून ते चिडून म्हणाले, "पर तू मला बापाचं इचारलंस, आज्याचं इचारलंस. मायचं कव्हा इचारलंस?"

खरंच विचारलं नव्हतं. मुन्शीजींच्या कागदावर आयांना जागाच नव्हती. वडिलांना त्यांच्या आईचं माहेरचं नाव ठाऊक होतं, तिचं गाव ठाऊक होतं, तिच्या तीन भावांची नावं आणि त्यातला एक कुठं भांडून निघून गेला तेही. मी दुकानातल्या पुड्याच्या कागदावर लिहीत गेले. रविवारी मी मुन्शीजींनाही खरं सांगितलं; त्यांनी ती दोन नावं खोडली आणि नवा कागद दिला. "हा आडवा धरा," म्हणाले. "बायकांना जागा होईल."

जाऊबाई गेल्या. सहा महिन्यांनी त्यांचं पत्र आलं. तिकडच्या दफ्तरात त्यांना आणखी दोन पिढ्या सापडल्या होत्या आणि एक कागद वाचायला मीच हवी होते, असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं. शेवटची ओळ मी दोनदा वाचली. पण दोन पिढ्यांची ओळ चार वेळा वाचली, आणि दिवसभर घरात कुणाशी धड बोलले नाही.