खोलगटातले सहा खिळे

सहा खिळे मी ठोकले आणि सहाच्या सहा चुकीच्या जागी.

पन्हळी पत्रा तुम्ही पाहिलाच असेल. एक उंचवटा, एक खोलगट, पुन्हा उंचवटा. सदाशिव पेठेतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर एक खोली आहे, तिला हाच पत्रा. शनिवारी दुपारी त्यातून एक थेंब टपकू लागला, म्हणून मी शिडी लावून वर गेलो आणि पत्रा दाबून बसावा या हेतूने खिळे खोलगट भागात ठोकले. उंचवट्यावर खिळा घसरत होता, खोलगटात शहाण्यासारखा उभा राहत होता, एवढंच कारण. पाणी वाहतं ते खोलगटातूनच, हे बावन्न वर्षांच्या पदवीधर माणसाला कुणी सांगायला लागू नये. मलाही कुणी सांगितलं नाही. संध्याकाळच्या सरीने सांगितलं. एका थेंबाचे सात झाले.

एरवी मी बादल्या लावून वर दोन विनोद केले असते. पण त्या खोलीत माझी बायको लोकांची जुनी पुस्तकं बांधून देते, आणि त्या दिवशी तिच्या फळ्यांवर एक वही सुटी करून पसरलेली होती. पलीकडच्या गल्लीतल्या एका निवृत्त शिक्षिकेने आणून दिलेली. त्यांची आई चाळिशीत, मुलीकडूनच, लिहायला शिकली. पहिली काही पानं नुसतं ‘श्री’. मग मुलांची नावं. मग रोजचं एक वाक्य: आज ऊन चांगलं पडलं. धाकटीला बरं वाटलं. वही देताना बाई म्हणाल्या होत्या, “आईचं अक्षर एवढं एकच आहे हो माझ्याकडे.”

दौतीतली शाई. थेंब पडला की ते वाक्य गेलंच. पानांच्या फाटक्या कडांना बायकोने सकाळीच खळ लावून पातळ कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या, त्यामुळे पानं उचलायचीही सोय नव्हती. ओल्या कडा हातात आल्या असत्या. प्लास्टिक अंथरलं तर तेच चिकटलं असतं. शेवटी घरातल्या तीन आणि शेजाऱ्यांच्या दोन छत्र्या उघडून आम्ही फळ्यांवर उभ्या केल्या. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यांऐवजी छत्र्याच बसल्यात, असं दिसत होतं. मी तसं म्हणालो. बायको काही बोलली नाही. आमच्याकडे बायको टोमणा मारत असेल तर सगळं ठीक आहे असं समजायचं. ती गप्प बसली, की मी घाबरतो.

तिने फोन करून पत्र्याच्या कामाचा मिस्त्री बोलावला. मापंही तिनेच घेऊन कळवली.

रविवारी सकाळी वाघोलीहून तो टेम्पोत एक पत्रा बांधून घेऊन आला. साठीच्या आसपासचा, बारीक अंगाचा, खांद्याला तांदळाच्या गोणीची शिवलेली पिशवी. मी आपली अवजारांची पेटी उघडून ठेवली होती, ऐंशी-पंच्याऐंशी वस्तूंची, घरपोच मागवलेली. त्यातल्या निम्म्या कशासाठी आहेत ते मला अजून कळलेलं नाही. त्याने वाकून बघितलं आणि झाकण हळूच लावलं.

“पेटी चांगली हाय, साहेब.”

मग त्याने काय करावं? दार लावून घेतलं, दिवा बंद केला आणि अंधारात उभा राहिला. आम्हीही उभे राहिलो. हळूहळू वर सहा ठिपके चमकायला लागले. माझं नक्षत्र.

“हे कुणी केलं?”

बायकोने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यावरून त्याला कळलं.

“येका लायनीत हायेत पण,” तो म्हणाला. त्या दिवशी मला मिळालेली ही एकमेव शाबासकी.

मूळ थेंब आत शिरतो कुठून ती जागा मात्र त्याला दिसत नव्हती. तो पत्र्याच्या खालच्या बाजूने बोट फिरवत वर वर गेला, गंजाची एक पुसट रेघ धरून, आणि चार फुटांवर भिंतीपाशी थांबला. “पाणी शिरतंय इथं. पडतंय तिथं.” भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यावरची पट्टी उचकटली होती. म्हणजे मी खिळे चुकीच्या भागात तर ठोकलेच, शिवाय चार फूट लांब ठोकले.

“सहा भोकांचा पत्रा काढूनच टाकावा लागंल,” तो बायकोला म्हणाला. “अर्धा तास छप्पर उघडं ऱ्हाईल, ताई. चालंल?”

तिने आधी आभाळाकडे आणि मग फळ्यांकडे पाहिलं. पर्वतीच्या बाजूला काळं भरून आलेलं होतं. “पानं अजून ओलीच आहेत,” ती म्हणाली. “करा. पण आधी खाली जे करता येईल ते करून घ्या.”

“तेच करतोय.”

पिशवीतून निघाली ती अवजारं मोजकी, आणि मुठीशी झिजून काळी पडलेली. त्याने भिंतीच्या सांध्यासाठी टेम्पोतली सपाट पत्र्याची पट्टी गच्चीवर पसरली, काटकोनाचा गुण्या लावून दोन खुणा केल्या आणि गेरू चोळलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. दुसरं टोक ताणून दोरी मधोमध चिमटीत उचलून सोडली. टण्ण! पत्र्यावर लाल रेघ उमटली, अशी सरळ की आमच्या कॉलेजच्या ऑफिसात आयुष्यभर पट्टीने रेघा मारून मला ती कधी साधली नाही. मग कात्री. कागदासारखा पत्रा कापत गेला तो. मी नीट पाहिलं, पाती तो पूर्ण मिटवतच नव्हता. मिटायला आली की पुन्हा उघडून पुढे. “मिटवली की तिथं दातरं पडतं. मग ते हात कापतं.” कड बोटाने चाचपली. मलाही चाचपायला लावली. कुठेही टोचत नव्हती.

नंतर रुंद तोंडाच्या पकडीने त्याने कड वाकवायला घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत थोडी, पुन्हा पहिल्यापासून थोडी आणखी, असं तीनदा. शेवटी लाकडी हातोड्याचे हलके ठोके. एवढा वेळ दाराशी उभी असलेली बायको पुढे आली.

“एकदम नाही वाकवत?”

“एकदम वाकवला का पत्रा रुसतो.”

“कागदही,” ती म्हणाली, आणि आतून तिची कागदाला घडी घालायची हाडाची पट्टी घेऊन आली. त्याने ती अंगठ्याने दाबून, फिरवून, उजेडात धरून पाहिली. “किती वर्सं वापरताय?” “बारा.” “मग आता हातात बसली आसंल.” मी दोरीचं टोक धरून उभाच होतो. सोडू का, असं विचारायचीही मला लाज वाटली.

मग तो वर चढला. कमरेची दोरी टाकीच्या खांबाला बांधली आणि जिथे खाली आधाराचा पाइप आहे तिथेच पाय ठेवत गेला, पत्र्याचा आवाजसुद्धा झाला नाही. जुना पत्रा उतरला. छत्र्यांच्या फटींतून वहीच्या पानांवर सरळ आभाळ आलं. मला ‘धाकटीला बरं वाटलं’ हे वाक्य दिसत होतं आणि वर ढग दिसत होते. बायकोने छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

त्याने घाई केली नाही. नवा पत्रा बसला. गिरमिटाने भोकं पडली, सगळी उंचवट्यांवर. रबरी चकत्या बसल्या. पान्याने नट आवळताना रबर जरा फुगलं की तो थांबायचा, एक फेराही जास्त नाही. भिंतीची पट्टी बसली. माझ्या टकलावर पहिला थेंब पडला.

“झालं, उतरा!” मी ओरडलो.

तो उतरला नाही. खिशातून रंगाचा जुना ब्रश काढून त्याने पत्र्यावरचा लोखंडाचा कीस झाडला, आणि उरलेला टिपायला सुतळीला बांधलेलं लोहचुंबक पन्हळीपन्हळीतून फिरवलं. पाऊस पडतोय, पाठ भिजतेय, आणि माणूस डोळ्यांना न दिसणारे कण गोळा करतोय.

“ह्यो ऱ्हायला तर गंज धरंल, साहेब. आज नाय गळणार, पुढल्या साली गळंल.”

पुढच्या साली त्याला कोण विचारणार होतं? मी तर नक्कीच नसतं विचारलं. मला कळलंच नसतं.

तासभर पाऊस कोसळला. आम्ही तिघं आत वर बघत चहा प्यायलो. एकही थेंब पडला नाही. बायकोने एकेक करून छत्र्या मिटल्या.

सोमवारी ऑफिसातून आलो तर पानं सुकली होती आणि ती वही शिवायला बसली होती. मी समोर फरशीवर मांडी घातली. सुई प्रत्येक घडीच्या पोटातून आत जायची, दोरा ताणला जायचा, आणि कागद फाटायच्या नेमका आधी तिचा हात थांबायचा. बारा वर्षं ती हेच करतेय. मी या खोलीत यायचो ते चहा झालाय एवढं सांगायला. तो दोरा कशाचा आहे, गाठ कुठे लपते, मी विचारत राहिलो. विचारता विचारता जरा पुढे सरकलो.

तिने सुई थांबवली.

“अहो, बघा ना, बघू नका म्हणत नाहीये,” ती म्हणाली. “फक्त हात मागे ठेवा.”