फोटोवाला माणूस

युद्धाचे पिक्चर मला आवडतात, हे मी आमच्या बचत गटात कधी बोलले नाही. बायकांनी मालिका बघाव्यात आणि रडायचं तर तिथं रडावं, असा रिवाज आहे. पण सासू-सुनांची भांडणं टीव्हीवर बघायची मला हौस नाही, ती घरात फुकट मिळतात. मला लागतो जुना, हिंदीत बोलायला लावलेला, कुठल्या तरी परमुलखातला पिक्चर. त्यात एक कप्तान असतो. तो दहाबारा इरसाल नग गोळा करतो आणि शत्रूच्या हद्दीत शिरून एखादा पूल उडवायला निघतो.

हा नाद माझ्या दिराचा. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शाळेत होता. रविवारी जेवणं उरकली की टीव्हीसमोर सतरंजी टाकायचा आणि सगळ्यांना ओढून बसवायचा. आमच्या घरचा खेळही त्यानंच काढला. कप्तान टोळी जमवत असतो तेवढ्यातच प्रत्येकानं आपापला माणूस निवडायचा. ज्याचा माणूस सगळ्यात आधी मरेल, त्यानं उठून सगळ्यांचा चहा करायचा.

सासूबाई दर वेळी कप्तान घ्यायच्या. "मला ह्यो टोपीवाला," म्हणायच्या. पिक्चरमधलं एक अक्षर कळत नसलं तरी कप्तान मरत नाही एवढं त्यांना बरोबर कळलं होतं, आणि म्हणून रविवारच्या चहाला त्यांनी आजवर हात लावलेला नाही. आमचे मास्तर, म्हणजे माझे यजमान, चष्मेवाला सुरुंगवाला घ्यायचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात, त्यांना चष्म्याचं प्रेम. मी तुरुंगातून सोडवून आणलेला चोर घ्यायची. तो आधी सगळ्यांच्या नाकी नऊ आणतो, आणि शेवटी दुसऱ्यासाठी जीव देतो.

एक माणूस मात्र कुणी घ्यायचं नाही. रात्री पेटवलेल्या शेकोटीपाशी जो खिशातून बायकोचा फोटो काढून सोबत्याला दाखवतो, तो. फोटो बाहेर आला की दीर मांडीवर थाप मारून म्हणायचा, "गेला बे ह्यो." आणि तो जायचाच. आम्ही पोट धरून हसायचो.

हे पिक्चर पुन्हा पुन्हा का बघावेसे वाटतात, यावर मी अंगणवाडीत पोरं झोपली की पुष्कळ विचार केला आहे. एक तर त्यात कुणी वाया जात नाही. जाड्याला काम असतं, भित्र्याला काम असतं, शिव्या देणाऱ्यालाही असतं. आमच्या भावकीत दहा माणसं एका कामाला लागलेली मी लग्नाच्या मांडवाशिवाय पाहिली नाहीत, तिथंही दोघं रुसलेले असतात. पण खरं कारण दुसरं आहे. त्या पिक्चरमध्ये मरणाला क्रम असतो. कोण जाणार, कशानं जाणार, हे आपल्याला आधी कळतं, आणि कळलेल्या मरणाची भीती वाटत नाही. उलट बरं वाटतं. हे लिहिताना मला लाज वाटते, पण बरं वाटतं हे खरं आहे.

पुढे दीर मिलिटरीत भरती झाला. तरी खेळ थांबला नाही. तो रविवारी फोन करून विचारायचा, "चहा कुनी केला आज?" सुट्टीवर आला की पहिल्यासारखा सतरंजी टाकायचा. त्याचं लग्न झालं, आणि धाकटी जाऊ घरात आली. सिरसाळ्याकडची, हसरी, कामाला वाघीण. मला आक्का म्हणते.

यंदा तो सुट्टीवर आला आणि जायच्या दिवशीच रविवार पडला. संध्याकाळी मांजरसुंब्याहून नगरची गाडी, नगरहून रेल्वे. दुपारी त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली, आणि टीव्हीवर आमचा आवडता पिक्चर लागला. जाऊ पहिल्यांदाच खेळायला बसली. तिला नियम सांगितले ते मीच. माणूस निवडायचा, मेला की चहा. फोटोवाल्याचं मात्र सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. नव्या माणसाची थोडी फजिती व्हावी, एवढाच हेतू.

तिनं एक उंच, शांत पोरगा निवडला. "ह्यो बरा हाय. गरीब दिसतोय," म्हणाली.

आम्ही एकमेकांकडं बघितलं. मास्तरांनी तोंडाला पंचा लावला. सासूबाईंना तर हसू आवरेना. जाऊ म्हणाली, "कावून हासता समदे?" मग शेकोटी आली, पोरानं खिशात हात घातला, फोटो काढला, आणि दीर सवयीनं म्हणाला, "गेला बे ह्यो." पोरगा पुलापर्यंतही पोचला नाही. आम्ही हसलो. सगळ्यांत मोठ्यानं मी.

जाऊ चहा करायला उठली. बराच वेळ झाला तरी चहा आला नाही म्हणून मी आत गेले. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती आणि ती ओट्याला धरून उभी होती.

"आक्का," ती म्हणाली, "ह्यांच्या पाकिटात माजा फोटो हाय. मीच दिलाय, लग्नातला."

मी म्हणाले, "अगं, पिक्चर हाय तो."

"मग तुमाला आधीच कसं म्हाईत व्हतं?"

गॅस बंद केला, दूध पुसलं, चहा मीच गाळला. एवढंच मला सुचलं.

पाच वाजता मास्तर त्याला मोटारसायकलवर मांजरसुंब्याला सोडून परत आले. ते हातपाय धूत होते तेवढ्यात माझा फोन वाजला. दीर धाब्यावरून बोलत होता. चहाचे पैसे द्यायला पाकीट उघडलं, तर आत फोटो नाही.

"वैनी, घरी पडला का बगा. गाडीला अजून टाइम हाय. दादा धा मिंटात घिऊन येतो."

मी वळले. जाऊ तांदळाच्या डब्यापाशी उभी होती. मी विचारायच्या आत तिनं डब्याच्या झाकणावर हात ठेवला आणि मान हलवली. डोळे भरलेले, पण हात पक्का. तो फोटो कुठं आहे आणि पाकिटातून कुणी काढला, हे तिनं मला न सांगता सांगितलं.

दारात मोटारसायकल अजून गरम होती. मी एक शब्द बोलले असते तर मास्तर लगेच निघाले असते. मी म्हणाले, "बघितलं रे. न्हाई सापडत."

तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. वर चौकीवर मोबाइल जमा करून घेत्यात, म्हनून लागतो. आमच्यात समद्यांच्या पाकिटात एक तरी फोटो हायच, वैनी. आता माज्याच न्हाई." आणि गाडी वेळेआधीच आली म्हणून त्यानं फोन ठेवला.

फोनचा आवाज मोठा होता, जाऊनं सगळं ऐकलं. समद्यांच्या पाकिटात. पिक्चरमध्ये एकाच्याच खिशात फोटो असतो, म्हणून तर तो ओळखू येतो. हे माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आलं नव्हतं, तिच्या त्या क्षणी आलं. तिनं डबा उघडला, तांदळात कोपरापर्यंत हात घातला, फोटो पदराला पुसला आणि ओल्या पायांच्या मास्तरांना म्हणाली, "दादा, गाडी काडा." ती सासऱ्यांच्या वयाच्या माणसासारखा त्यांचा मान ठेवते, त्यांच्यामागं कधी बसलेली नाही. त्या दिवशी बसली.

दोघं अंधार पडताना परत आले. नगरची गाडी गेली होती.

तो फोटो आता टीव्हीच्या फळीवर, पडद्याच्या कोपऱ्याला टेकून असतो. टपालानं पाठवता येईल, पत्ता आहे. जाऊ मला विचारते, "आक्का, पाठवू का? तुमी सांगा." घरात थोरली मी, म्हणून ती माझ्या शब्दावर थांबते. आणि मी दर वेळी "बघू" म्हणते. पाठव म्हणावं, आणि मग काही झालं तर? नको म्हणावं, आणि तो तिथं एकटाच बिनफोटोचा? पिक्चर खोटा असतो हे मला चांगलं कळतं. तरी जीभ उचलत नाही. इतकी वर्षं मी ज्याला हसले, ते मला खरंच वाटत होतं, हे मला आत्ता कळतंय.

पिक्चर अजून बघते. सुटत नाही. सासूबाई टोपीवाला घेतात, मास्तर चष्मेवाला. मी पिक्चर सुरू व्हायच्या आधीच चहा करून ठेवते, म्हणजे मध्ये कुणाला उठायला नको.

परवा त्याचा फोन आला. "चहा कुनी केला, वैनी?"

"मीच."

"म्हंजी तुमचा मानूस गेला व्हय?" तो हसला.

"न्हाई रे," मी घाईनं म्हणाले, "चहा आधीच केलता."

"मग तुमचा मानूस कोन व्हता?"

फळीवर जाऊचा फोटो होता, आणि जाऊ माझ्याकडंच बघत होती.

"मी कुनालाच घेतलं न्हाई," मी म्हणाले. हेही खोटंच होतं. मनातल्या मनात मी फोटोवालाच घेतला होता.