शनिवारच्या तीन सीड्या

कुठलीही महत्त्वाची वस्तू हातात दिली, की गुरुजी आधी विचारायचे, "दुसरी कुठी आहे?" चष्मे दोन, घराच्या किल्ल्या दोन, लग्नाचं आमंत्रण आलं तरी तारीख दोन वह्यांत. निवृत्त शिक्षक असलेले गुरुजी गोंदिया जिल्ह्यातल्या केशोरीकडच्या आमच्या चिमुकल्या संस्थेचे सचिव होते. म्हाताऱ्या बायांकडून धान लावताना म्हणायची रोवण्याची गाणी रेकॉर्ड करून ठेवायची, एवढंच संस्थेचं काम. मी तिथली कॉम्प्युटरवाली.

दर शनिवारी सगळ्या गाण्यांच्या तीन नव्या सीड्या करायच्या आणि घोळ नको म्हणून मागच्या मोडून टाकायच्या, हा त्यांचा नियम. एक ऑफिसच्या कपाटात, एक त्यांच्या घरी धान साठवायच्या ढोलीवर, तिसरी एसटीने गोंदियाला भाच्याकडे. "तीनही घरं एकाच दिवशी नाही जळत, बाई," असं ते समजावायचे. मी मनातल्या मनात हसायची, पण शनिवार कधी चुकवला नाही.

मग जुना मोडीत काढून नवा कॉम्प्युटर आला. गाणी आतल्या ड्राइव्हमध्ये गेली, आणि गुरुजींना शोधत बसावं लागू नये म्हणून मी त्या फोल्डरचा शॉर्टकट समोर स्क्रीनवर करून दिला. शनिवारी मी तेच चिन्ह उचलून सीडीवर टाकायची. आधी वीस मिनिटं लागायची, आता काम चुटकीसरशी व्हायला लागलं. मशीन किती फास्ट आहे म्हणून मीच गावभर मिरवलं. एवढी माझी अक्कल.

त्याच वर्षी पावसाळ्यात काकूंचं, म्हणजे गुरुजींच्या पत्नीचं, गाणं रेकॉर्ड केलं. नवऱ्यासमोर त्या गाईनात, म्हणून गुरुजींना बाहेर बसवावं लागलं. पुढच्या वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून नवी सीडी तपासायची म्हणजे गुरुजी तेच गाणं लावायचे. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकायचे, "बरोबर आहे" म्हणायचे आणि सीडीवर तारीख घालायचे.

एका उन्हाळ्यात दुपारी वीज पडली आणि कॉम्प्युटर आतून जळाला. घाबरले मी, गुरुजी शांत होते. ऑफिसातली आणि घरची सीडी पिशवीत घालून आम्ही गोंदियाला गेलो, तिसरी भाच्याकडून घेतली आणि दुरुस्तीवाल्याकडे पोचलो. त्याने एकेक लावून पाहिली आणि म्हणाला, "सर, इसमें गाने हैं ही नहीं. सिर्फ शॉर्टकट है, गाने तो जली हुई मशीन में थे."

इतकी वर्षं मी गाण्यांकडे जाणारी वाट तेवढी उतरवून घेत होते. आमच्याच मशीनवर सीडी लावली की त्या वाटेने आतलं गाणं वाजायचं, म्हणून दर शनिवारी सगळं बरोबर निघायचं. गाणाऱ्यांपैकी कितीतरी जणी तोवर गेल्या होत्या. परतताना बसमध्ये मी रडत होते. "चूक माही आहे," गुरुजी म्हणाले. "दुसऱ्या मशीनवर लावून पाहाले पाहिजे होतं." त्यांनी मला झापलं असतं तर बरं झालं असतं.

संस्था बंद पडली. गुरुजी अंथरुणाला खिळल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. त्यांनी विचारलं, "बाई, तू तर तिचं गाणं कितीकदा आयकली ना?"

मी हो म्हणून शब्द सांगायला लागले. त्यांनी हाताने थांबवलं.

"शब्द मले येतेत. तिचा आवाज कसा होता, ते सांग. मले आठवून नाही राहिला."

"गोड होता, गुरुजी," मी म्हणाले. त्यांनी समाधानाने मान हलवली. काकूंचा आवाज गोड होता की खरखरीत, मलाही आठवत नव्हतं.