कोटाच्या खिशातला मोह

संत्रं सोलताना उडणारा झणझणीत फवारा नाकात गेला की मला आमचे समाजशास्त्राचे प्राध्यापक आठवतात आणि तोंड कडू होतं. एकोणीसशे सत्तरच्या सुमारास, एका हिवाळ्यात, माणूस गुन्हा का करतो हे दाखवायला त्यांनी आमचा नागपूरचा वर्ग पारशिवनीकडच्या एका संत्र्याच्या बागेत नेला. तिथला म्हातारा रखवालदार इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला होता; नमुना म्हणून सरांना तेवढं पुरे होतं. झाडांवर अजून धुकं होतं. म्हातारा शेकोटीजवळ हात जोडून उभा, आणि सर त्याच्या कपाळावर, जबड्यावर बोट रोखून आम्हाला कारणं सांगत होते: रक्त, दारिद्र्य, संगत. मग त्यालाच विचारलं, "चोरी करावीशी कधी वाटते?" "मी तं राखण करून राहिलो, साहेब," तो म्हणाला. मालकाने अख्खी बाग ज्याच्या भरवशावर सोडली, त्याला हा प्रश्न! निघताना बसच्या पायरीवर सरांच्या कोटाच्या फुगलेल्या खिशातून दोन संत्री घरंगळली. म्हाताऱ्याने ती उचलली, धोतराला पुसली आणि त्यांच्या हातात ठेवली. "मांगतले असते तं मालकाले इचारून टोपलीभर देल्ले असते, साहेब." सर हसले. "अहो, जरा मोह झाला." पुढे मीही जन्मभर हाच विषय शिकवला, जाडजूड पुस्तकं चाळली, मोह हे कारण कुठल्याच यादीत सापडलं नाही. ते बहुधा कोटवाल्यांसाठी राखीव असावं.