अंगठेबाईंचा खांदा

हार्डवेअरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत अंगठेबाई बसत. हे नाव त्यांना पेशंटांनी दिलेलं. बाहेर चार खुर्च्या, आत डोकं ठेवायला भोक पाडलेला उंच पलंग आणि शेगडीवर कायम गरम पाणी. तेल चोळून पाठवणाऱ्यांपैकी बाई नव्हत्या. स्नायूत वाटाण्याएवढी आवळलेली गाठ बोटाला लागली की त्या तिथे अंगठा रोवत आणि ती सैल होईस्तोवर जागच्या हलत नसत. बावीस वर्षं हेच चाललं होतं.

आता अंगठ्यांनीच हात टेकले होते. सांधा झिजलाय, तीन महिने काम बंद, असं डॉक्टरांनी बजावलं. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पलंगावर धुतलेली चादर अंथरली. घरी बसून करायचं काय? शिवाय हल्ली उजवा खांदा पुढून ठणके, कळ पार मनगटापर्यंत उतरे. संध्याकाळी जिना उतरताना त्यांना कठड्याला धरून दोनदा थांबावं लागे.

त्या दिवशी शेवटी एक शिंपीणबाई आल्या. चार वर्षं कपाळ दुखत होतं. चष्मा तीनदा बदलून झाला, डोक्याचे फोटो काढून झाले, सगळं ठीकठाक निघालं.

"घरचे म्हणतात, कामाचा कंटाळा आला की हिचं डोकं दुखतं," शिंपीणबाई म्हणाल्या.

बाईंनी मानेपासून खांद्यापर्यंत बोटं फिरवली आणि एका जागी दाब दिला.

"अगंबाई! दाबताय मान आणि कळ कपाळात जातेय! हेच, अगदी हेच दुखतं!"

"मशीनवर मान वाकवून बसता ना? मूळ इथे आहे. श्वास सोडा."

तेवढ्यात बाईंचा अंगठा लुळा पडला. त्यांनी दात आवळले, कोपर टेकवलं आणि मिनिटभर तशाच उभ्या राहिल्या. गाठ सुटली तशी शिंपीणबाई रडायला लागल्या. "म्हणजे मी ढोंग करत नव्हते," एवढंच त्या पुन्हापुन्हा म्हणत राहिल्या. बाईंना त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण हात वर जाईना.

घरी आल्यावर त्या भिंत आणि पाठ यांच्यामध्ये चेंडू धरून खांदा दाबायला गेल्या. पेशंटांना त्या हेच शिकवत. चेंडू तीनदा निसटला. सूनबाई भाजी चिरत होती. दोघींत भांडण नव्हतं, पण कामापुरतंच बोलणं असे. सून कंप्युटरवर बसणारी. सासूच्या कामाला ती मनातून मालिशवालीचं काम समजते, असा बाईंचा पक्का ग्रह होता.

सुनेने हात पुसले. "आई, मला दाखवा कुठे ते."

"राहू दे. तुला नाही जमायचं."

"नाही जमलं तर सोडून देईन."

बाई मुकाट्याने पालथ्या पडल्या. "दुखतं पुढे, पण दाबायचं मागे. चपट्या हाडावर. जरा खाली. अगं, हाडाला नको, मांसाला."

चौथ्या खेपेला बोट नेमकं पडलं. कळ दंडातून मनगटाकडे धावली आणि बाई ओरडल्या, "सोड, सोड!"

"तुम्ही पेशंटांना सोडता?"

बाईंना हसू आलं, त्याबरोबर डोळेही भरले. बावीस वर्षांत त्यांच्या अंगाला असा कुणी हात लावला नव्हता. दाबून घेताना एवढं दुखतं हेही त्या विसरल्या होत्या.

"थोडं हलकं धर," त्या म्हणाल्या. "मी सांगेन तेव्हा सोड."

खांदा काही एका दिवसात बरा झाला नाही. सून आठवड्यातून तीनदा दाबू लागली आणि महिन्याभरात हात डोक्यापर्यंत जाऊ लागला. अंगठे मात्र गेले ते गेलेच. बाई आता दिवसाला चारच पेशंट घेतात, तेही कोपराने. दुपारी त्या रिकाम्या पलंगावर आडव्या होतात आणि खुशाल घोरतात. बाहेर बसलेले पेशंट त्यांना उठवत नाहीत.