खालची बाजू

“खालची बाजू माझी,” बारक्या म्हणायचा.

जिन्यावरून कपाट नेताना खरा भार खालच्यावर येतो. बारक्या चणीने किरकोळ, पण सामान हलवणाऱ्यांत खालची बाजू त्याची. वरती त्याचा जोडीदार, उलटा चढणारा, दणकट. दोघांचे खांदे एकाच पट्ट्यात अडकलेले. मधल्या कपाटामुळे एकमेकांचं तोंड दिसत नसे. श्वास तेवढा ऐकू येई. त्यावरच पाऊल पडायचं.

मग बारक्याचा हात मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा दंड बायकोच्या मुठीत मावला.

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, “स्नायूकडून रोज जे करून घ्याल, तेच तो शिकतो. वजन कमी घ्या, पण जास्त वेळ धरून ठेवा. मधे विश्रांती घ्या, भरून येतं ते तेव्हाच.”

त्याला धीर कुठला? जोडीदार आता दुसऱ्याच कुणाबरोबर जात होता. बारक्या अंगणात पाण्याची बादली उचलायचा, ठेवायचा, पुन्हा उचलायचा. मग बादलीत दगड आले.

“बादलीशीच संसार थाटा आता,” बायको म्हणाली.

दंड मात्र भरला. तो कामावर गेला.

“आलास का रे, भुता?” जोडीदार हसला. “तुझ्याशिवाय जिना गोड लागत नाही बघ.”

सागवानी कपाट होतं. बारक्याने खालून सहज उचललं. कानावर तो ओळखीचा श्वास आला आणि त्याला भरून आलं. पहिला मजला सरला. दुसऱ्याच्या वळणावर दंड थरथरू लागला. उचलायला तो शिकला होता. धरून ठेवायला नाही.

“टेकवू या?” वरून आवाज.

“चल तू.”

दोन पायऱ्या गेल्या आणि कपाट एकाएकी हलकं झालं. बारक्याला वाटलं, जुनी ताकद आली. मग वरचा श्वास ऐकू आला: तुटका, घशात अडकलेला. असा तो कधीच नव्हता.

कपाट खोलीत टेकलं. जोडीदाराच्या खांद्यावर पट्ट्याचा लालभडक वळ उठला होता. त्याने घाईने सदरा वर ओढला.

“काय बारक्या, मुरलेला गडी तो मुरलेलाच! उद्या लवकर ये.”

बारक्याने खांद्यावरचा पट्टा काढला. नीट गुंडाळला, कपाटावर ठेवला. क्षणभर हात तिथेच राहिला. मग तो जिना उतरून गेला.